मोंढ्यापासून उद्योग केंद्रापर्यंत

आपल्या समाजातील जुन्या पेढ्यांच्या खतावण्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. त्यांत धर्मादायाचे खाते असे, पांजरपोळाचे असे, हमालांच्या उचलीचे असे, चातुर्मासात येणाऱ्या पाहुण्यांच्या भोजनखर्चाचेही असे. शासन मात्र केवळ नावे बाजूस भेटत असे : विक्रीकर, बाजार फी, परवाना शुल्क. शासनाकडून पेढीकडे काही आले आणि ते जमेस धरले गेले, असे पान माझ्या पाहण्यात नाही. ‘आपण देणारे, घेणारे नव्हे’ हा त्यामागचा स्वाभिमान. त्यात थोडी भीतीही मिसळलेली होती. मराठवाड्यातील व्यापाऱ्याने निजामाच्या अमदानीपासून सरकारी माणूस पाहिला तो बहुधा वसुलीला किंवा तपासणीला आलेलाच. अशा माणसाला आपण होऊन भेटायला जाणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जात नसे.

लोहा हे नांदेड–लातूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, ज्वारी आणि कापूस यांच्या उलाढालीवर येथील मोंढा जगला. आडत, भुसार, किराणा आणि कापड या चार व्यवसायांत आपली बहुतेक घरे सामावलेली. आता शेतकऱ्याच्या हातात मोबाइल आहे. लातूरचा भाव त्याला सकाळीच कळतो आणि चार पैसे अधिक मिळत असतील तर माल तिकडे जातो. कापडाच्या दुकानातील मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि वडील एकटे गादीवर बसतात. अशा घरांतील तरुण, आणि कधी त्यांचे वडील, निवृत्तीनंतर माझ्याकडे येऊ लागले. बँकेतील कर्ज विभागात बरीच वर्षे गेली असल्यामुळे मला हे ठाऊक असेल, असा त्यांचा समज. प्रश्न ठरलेला असतो : “काका, सरकारची एखादी चांगली योजना आहे का?”

मी उलट विचारतो, “तुम्ही काय करणार आहात?” कारण शासनाच्या दृष्टीने सारा फरक तेथेच पडतो. तूर विकत घेऊन तूरच विकली तर तो व्यापार. तीच तूर भरडून डाळ विकली तर तो उद्योग. पोते तेच, घर तेच, माणूस तोच. परंतु भिंतीच्या एका बाजूस अनुदान नाही आणि दुसऱ्या बाजूस प्रकल्प खर्चाच्या पंधरा ते पस्तीस टक्क्यांपर्यंत आहे. आपल्या व्यापारी घरांना ही गोष्ट मनापासून पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाजार आपण चालवला आणि मदत मात्र यंत्र बसवणाऱ्यालाच, ही त्यांची तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही. परंतु नियम तसा आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून केलेले हेलपाटे व्यर्थ जातात.

व्यापाऱ्याच्या पदरी काहीच नाही असे मात्र नव्हे. २ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत समाविष्ट केले. उद्यम नोंदणी त्यांनाही मिळू लागली. परंतु तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर चक्रवाढ व्याज मागण्याचा जो हक्क २००६ च्या कायद्याने लघुउद्योजकास दिला, तो व्यापाऱ्यास नाही. ही नोंदणी पूर्णतः विनामूल्य आहे. तरीही तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये मोजून आलेली माणसे मला भेटतात. २०१५ पासूनची मुद्रा योजना दुकानदारास उपयोगी पडते, पण ते निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदान नाही. आजही अनेक जण “मुद्राचे किती माफ होते?” असे विचारतात. काहीच माफ होत नाही.

आता एका घराची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या घरची वाटावी अशीच आहे.

भुसाराचे तीन पिढ्यांचे दुकान. मुलगा बी.कॉम. झालेला, पुण्यात दोन वर्षे नोकरी करून २०२२ मध्ये परत आला. “येथेच काही करू द्या, नाहीतर मी कायमचा तिकडे जातो,” असे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. प्रथम त्याच्या मनात तेलघाणा होता. आजींनी विरोध केला. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीलन आहे, आपल्या घरात घाणा चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मग डाळमिलचा विचार पुढे आला. लातूर-उदगीरच्या डाळमिली प्रसिद्ध आहेत. आपल्या मोंढ्यातून जाणारी तूर तेथे भरडली जाते आणि डाळ होऊन आपल्याच किराणा दुकानांत परत येते, हे मुलाने कागदावर मांडून दाखवले. आजींचा त्यासही पूर्ण होकार नव्हता, पण त्या गप्प राहिल्या.

वडिलांचा आक्षेप निराळा होता. ते मला म्हणाले, “साहेब, घरचे पैसे घालतो, व्याजाने उचलतो, पण सरकारी कागद नको. एकदा सही केली की अधिकारी दारात येणार.” मी त्यांना एवढेच विचारले की व्याजाने उचलणार ते किती टक्क्यांनी. त्यांनी सांगितलेला दर बँकेच्या दराच्या जवळजवळ दुप्पट होता. त्यावर ते स्वतःच थोडा वेळ बोलले नाहीत.

आम्ही निवडला तो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. हा २००८ मध्ये दोन जुन्या योजना एकत्र करून सुरू झाला. २०२२ मध्ये उत्पादन उद्योगासाठी त्याची मर्यादा पंचवीस लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. राज्य शासनाचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि त्याचे स्वरूप पुष्कळसे तसेच आहे. मात्र त्यात मुळात वयाची वरची अट होती, केंद्राच्या योजनेत अठरा पूर्ण एवढेच पाहतात. उत्पन्नाची मर्यादा केंद्राच्या योजनेत नाही. आणि आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब म्हणजे, २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले. त्यामुळे या कार्यक्रमात आपण विशेष प्रवर्गात येतो. सर्वसाधारण अर्जदारास शहरी भागात पंधरा आणि ग्रामीण भागात पंचवीस टक्के अनुदान असते. विशेष प्रवर्गास ते अनुक्रमे पंचवीस आणि पस्तीस टक्के. स्वतःची गुंतवणूक दहाऐवजी पाच टक्के. या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि पुढे ‘जैन’ असे लिहिलेले होते. त्याचा खुलासा करण्यात तीन आठवडे गेले. ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी तो रकाना आजच पाहून ठेवावा.

प्रकल्प वीस लाखांचा. येथे एक गंमतीचा हिशेब निघाला. २०२२ च्या सुधारणेनुसार पंचायत राज संस्थांच्या हद्दीतील भाग ग्रामीण आणि नगरपालिकांच्या हद्दीतील भाग शहरी धरला जातो. लोह्यास नगरपरिषद आहे. म्हणजे मोंढ्याजवळच्या जुन्या गोदामात यंत्र बसवले तर पाच लाख अनुदान, आणि काही किलोमीटरवरील गावात कुटुंबाची जी जागा पडून होती तेथे बसवले तर सात लाख. मुलाचे डोळे चमकले. वडिलांनी मात्र वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले : हमालांची ने-आण, रात्रीचा राखणदार, विजेची नवी जोडणी, पावसाळ्यातील रस्ता. “दोन लाखांसाठी रोज खर्च वाढवून घेऊ नये,” असे म्हणून त्यांनी मोंढाच निवडला. शासकीय मदतीचा विचार असाच करावा असे मला वाटते. अनुदान पाहून जागा ठरवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या शेडला कुलूप आहे.

पुढचा अडसर प्रकल्प अहवालाचा. एका दलालाने तो तयार करून दिला होता आणि मंजूर रकमेच्या दहा टक्के मागितले होते. अहवाल मी वाचला. त्यात वर्षाचे तीनशे दिवस दोन पाळ्यांत काम दाखवले होते, आणि शंभर किलो तुरीतून पंच्याऐंशी किलो डाळ. वडील हसले. “सत्तर-बहात्तर पडली तरी हात जोडायचे,” ते म्हणाले, “आणि तूर येते जानेवारीनंतर, हा वर्षभर काय भरडणार?” बँकेच्या खुर्चीत बसून असे अहवाल मी शेकड्यांनी पाहिले आहेत. एका अहवालात मसाल्याच्या कारखान्यासाठी कच्चा माल म्हणून बांबूच्या काड्या दाखवल्या होत्या. मूळचा अहवाल अगरबत्तीचा होता, नाव तेवढे बदलले होते. शाखाधिकारी अर्ज परत करतो तेव्हा लोक म्हणतात की बँकांना गरिबाला कर्ज द्यायचेच नसते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण बांबूच्या काड्यांपासून हळद होत नाही हेही खरे.

मी त्या दोघांना समोरासमोर बसवले आणि म्हटले, तुम्हाला मोंढ्याची जी माहिती आहे तीच लिहा. कोणत्या महिन्यात किती आवक, कोणता भाव, चुनी आणि टरफल कोण घेतो, उधारी किती दिवसांची, डाळ कोणत्या गावच्या कोणत्या दुकानात जाणार. पाच रात्रींत हाताने लिहिलेली अकरा पाने झाली. लोह्याच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून ती आकडेवारीत बसवून घेतली. दलालाचा दहा टक्क्यांचा विषय तेथेच संपला.

अर्ज ऑनलाइन भरला आणि आम्ही नांदेडला जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. ही केंद्रे १९७८ पासून आहेत. एस.टी.ने तासाभराच्या अंतरावरील या कार्यालयाची पायरी वडील वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथमच चढत होते. तेथील अधिकाऱ्याने अर्धा तास नीट माहिती दिली. यंत्राची खरेदी कर्ज मंजुरीपूर्वी करू नका, आधीच चालू असलेला कारखाना या योजनेत बसत नाही, उद्योजकता प्रशिक्षण चुकवू नका, असे बजावले. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, “यांनी तर काही मागितले नाही.” मी म्हणालो, “तेही पगारदार आहेत.” यंत्राच्या विक्रेत्याने सणाची सवलत देऊ केली होती आणि मुलगा आगाऊ रक्कम भरण्याच्या बेतात होता. ती भरली असती तर पुढचे सारे अवघड झाले असते.

खरी कसोटी बँकेत लागली. ज्या शाखेकडे अर्ज गेला तिने तीन महिने उत्तर दिले नाही आणि मग राहत्या घराचे गहाणखत मागितले. घर आजींच्या नावावर. वडिलांचा चेहरा उतरला, “मी म्हणत नव्हतो का?” असा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश तेव्हा २०१० पासून लागू होता. त्यावरील रकमेस पतहमी निधीचे संरक्षण घेता येते. हा निधी २००० साली याच कारणासाठी स्थापन झाला. वर्षाला थोडे शुल्क पडते, पण घर गहाण पडत नाही. आम्ही भांडण केले नाही. तारण कोणत्या नियमानुसार हवे आणि पतहमीचे संरक्षण का घेता येत नाही, हे लेखी कळवावे, अशी दोन ओळींची विनंती दिली आणि तिची प्रत नांदेडच्या जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना पाठवली. प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक असते आणि बँकांच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांसमोर होतो, हे फार थोड्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. सतरा दिवसांत तारणाची मागणी मागे घेण्यात आली.

परंतु शाखाधिकाऱ्याचा दुसरा प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी सहज नव्हते. दुकानाची वार्षिक उलाढाल तोंडाने सांगितली ती एक आणि विवरणपत्रात दिसली ती दुसरी, निम्म्याहूनही कमी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर हे अंतर घटले, तरी आपल्या अनेक घरांत ते अद्याप आहे. कर वाचवला म्हणून आनंद मानणाऱ्या घरास बँक विचारते, एवढ्या उत्पन्नातून हप्ता कसा फेडणार? तेव्हा खरे उत्पन्न सांगता येत नाही आणि खोटे पुरत नाही. अचौर्य व्रताचे विवेचन आपण प्रवचनात ऐकतो. कर्ज विभागात बसून मला त्याचा अर्थ अधिक रोकडा दिसला. लपवलेल्या उलाढालीवर कोणतीही बँक कर्ज देत नाही. शेवटी मुलाचे पुण्यातील दोन वर्षांचे पगारी उत्पन्न आणि अकरा पानांतील नियोजन यांच्या बळावर कर्ज मंजूर झाले. वडिलांनी त्या वर्षीपासून सारी विक्री बिलाने करण्यास सुरुवात केली. आनंदाने केली असे म्हणता येणार नाही.

अनुदानाबाबतचा एक गैरसमज येथेच दूर करतो. ही रक्कम हातात मिळत नाही. कर्जदाराच्या नावे ती तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनंतर, उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची तपासणी होऊन, ती कर्जात वळती होते. पहिल्या वर्षी बंद पडणाऱ्यास त्यातून काही मिळत नाही. ही तरतूद कठोर वाटते, परंतु मला ती न्याय्य वाटते.

याच घरातील सुनेने पापड आणि लोणच्यांचा व्यवसाय सुरू केला आहे. ती उद्योग केंद्रात नव्हे तर कृषी विभागाकडे गेली, कारण २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना आपल्या राज्यात तो विभाग राबवतो. तिच्यात चालू उद्योगासही पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, अनुदान आहे. अर्ज भरून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचा मोबदला शासन देते. डाळमिलला दोन वर्षे लागली असती तेवढ्या धावपळीत तिचे काम चार महिन्यांत झाले. सासरे म्हणतात, तिचे कागद पहिल्यापासून नीट होते.

नगरपरिषदेचा उल्लेख राहता कामा नये. आपल्या दुकानांसमोर भाजी, फळे, बांगड्या विकणाऱ्यांना २०२० पासूनच्या पंतप्रधान स्वनिधी योजनेचे कर्ज नगरपरिषदेच्या विक्रेता प्रमाणपत्रावर किंवा शिफारसपत्रावर मिळते. माझ्या ओळखीच्या दोन भाजीविक्रेत्या बहिणींनी पहिले दहा हजार वेळेवर फेडून दुसरे वीस हजार घेतले. अर्ज त्यांच्यासमोरच्या किराणा दुकानदाराने भरून दिला. तसे पाहिले तर ‘योजना’ हा शब्द येण्यापूर्वीही स्थानिक संस्था व्यापाराला हात देतच होत्या. आपल्या तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जिल्हा परिषद भरवते. पाणी, वीज, जागा मिळते आणि घोड्यांपासून घोंगड्यांपर्यंत हजारोंचा बाजार भरतो. आमच्या आजोबांच्या पिढीतील कापडव्यापारी तेथे पाल ठोकून बसत, आणि त्यास सरकारी मदत म्हणावे असे त्यांच्या कधी मनातही आले नसेल.

आता सधन घरांनी हे घ्यावे काय, हा प्रश्न उरतो. तो मला दोन साधर्मिक बंधूंनी उघडपणे विचारला आणि विचारला हे चांगले केले. भांडवल हाती असलेल्या एका कुटुंबास मी अर्ज करू नका असे सांगितले. त्यांना कारखाना नको होता, अनुदान हवे होते, आणि यंत्र दुसऱ्याच्या नावे फिरवण्याची त्यांची तयारी होती. ते माझ्यावर नाराज आहेत. परंतु ज्या घरातील मुलगा गाव सोडण्याच्या उंबरठ्यावर आहे, ज्याच्यामुळे सहा-सात माणसांना लोह्यातच काम मिळणार आहे, त्याने विशेष प्रवर्गाचा रकाना संकोचाने रिकामा ठेवावा हे मला मान्य नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने जैन समाजासाठी स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. त्याच्या दाराशी कोण उभे राहणार, श्रीमंतांचे सनदी लेखापाल की लहान गावांतील तिसऱ्या पिढीचे दुकानदार, हे आपल्या संघांनीच ठरवावयाचे आहे.

डाळमिल चालू आहे. पहिल्या हंगामात तोटा झाला, कारण तूर महाग घेतली गेली. दुसऱ्यात खर्च निघाला. गेल्या आठवड्यात वडील माझ्याकडे आले, खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर डाळ निवडणाऱ्या नव्या यंत्राची किंमत आणि अपेक्षित बचत लिहिली होती. याच कार्यक्रमात विस्तारासाठी दुसरे कर्जही असते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ते खरे आहे, पण त्यासाठी पहिले कर्ज पूर्ण फिटलेले असावे लागते आणि अनुदान विशेष प्रवर्गासही पंधराच टक्के असते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि चहाचा पेला पुढे ओढला.

“बरं,” ते म्हणाले, “मग अनुदान सोडून साध्या कर्जाला सध्या काय व्याज चालू आहे?”